हतनूर ते चांगदेव, हायवे टाळून सायकलने: मदत हवी आहे

मंडळी, जानेवारीअखेर दोन दिवसांचा बेत आहे. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावहून निघून हतनूर धरणाच्या पाणफुगवट्याकडेने चांगदेवच्या तापी-पूर्णा संगमापर्यंत जायचं. वरणगाव-मुक्ताईनगर हायवेवर ट्रकांच्या रांगेत पॅडल मारायचं नाही, एवढीच अट.

सायकल स्टीलची, टायर ७००×४०, मागे दोन बॅगा मिळून १२ किलो. हवा पुढे ३८, मागे ४५ पीएसआय.

पहिली अडचण काळ्या मातीची. पाणी उतरलं की काठाला वरून पापडी धरते, खाली लोणी. चाक रुततं ते ठीक, पण माती मडगार्ड आणि टायरच्या मधे गच्च बसते आणि चाक फिरायचंच थांबतं. मडगार्ड काढून जावं, की शेतरस्ता धरून काठापासून लांबच राहावं?

दुसरी, वेडी बाभूळ. काटा ट्यूबमध्ये मोडून राहतो, टायर आतून बोटाने न चाचपता नवी ट्यूब टाकली की तीही गेलीच. ट्यूब काढून ट्यूबलेस करून दर चाकाला ८० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) पुरेल का? आत टायर लायनर (काटा अडवणारी पट्टी) टाकलेले कुणी असेल तर त्याचाही अनुभव सांगा. मला ते जड वाटतात.

आणि मुख्य म्हणजे, काठच्या गावांना जोडणारा सलग शेतरस्ता आहे का? नाले कुठे ओलांडता येतात? चक्रवाक बदकांचे थवे काठावर बसतात, त्यांना उठवत जाणारी वाट नको. गूगलचा नकाशा कृपया पाठवू नका, त्यात पाण्याखालच्या वाटाही रस्ता म्हणून दिसतात.