पाच वाजताच्या भुकेला मखाणे की दाणे-फुटाणे?

खमंग_काकू
आमच्या ऑफिसात सध्या मखाण्यांची साथ आली आहे. साडेचार वाजले की ड्रॉवर उघडतात, पाकिटं फुटतात आणि "हेल्दी आहे गं, घे ना" सुरू होतं. परवा एक पाकीट उलटं करून वाचलं. पुढे छान कमळ छापलेलं आणि मागे मुंगीएवढ्या अक्षरात मखाणे, पाम तेल, साखर, माल्टोडेक्स्ट्रिन, मीठ. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे मखाण्याखालोखाल त्यात तेलच!

शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, फुटाण्यांत २० च्या आसपास, मखाण्यांत जेमतेम ९-१०. आणि भाव विचारून बघा वाण्याला. सासूबाई डब्यात मूठभर दाणे नि गुळाचा खडा द्यायच्या तेव्हा मला लाज वाटायची. आता त्याच डब्याची आठवण येते. मखाणे हे निव्वळ फॅड आहे, या मतावर मी ठाम आहे. या भांडायला.

शुगरवाले_काका
येतोच. काकू, तुमचे आकडे बरोबर, पण माणूस शंभर ग्रॅम मोजून खातो का? शेंगदाण्याची शंभर ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी, मखाण्याची साडेतीनशे. खारे दाणे घेऊन टीव्हीसमोर बसलो की मॅच संपेपर्यंत वाडगा रिकामा होतो, मला कळतही नाही. मखाण्याची मोठी वाटी भरली तरी १५ ग्रॅमच्या पुढे जात नाही. तोंड चालू राहतं नि पोटात फार काही जात नाही. मधुमेह्याला हेच हवं असतं. आणि तो गुळाचा खडा तेवढा मागे घ्या. गूळ म्हणजे साखरच, रक्ताला रंग कळत नाही.

खमंग_काकू
गूळ मागे घेतला. पण काका, मखाणे कोरडे कोण खातं? तुम्ही तुपावर परतत असणार. दोन चमचे तूप म्हणजे ९० कॅलरी. तीस ग्रॅम मखाण्याच्या शंभर-एकशेपाच, वर हे तूप, झाले जवळपास दोनशे. तेवढ्याच वजनाच्या भाजक्या दाण्यांच्या १७०!

शुगरवाले_काका
अर्धा चमचा तूप. हिला विचारा. दुसरा अर्धा मागितला तर कढई उचलून नेते.

रातपाळी
वाचून गंमत वाटली. मी एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो. आमच्या गेटबाहेर वडापाव, भजी आणि चहा, बस्स. पाळी सुरू व्हायच्या आधी खाऊन घ्यायचं, मग जेवणाच्या सुट्टीपर्यंत मशीन सोडता येत नाही. मखाण्याच्या एका पाकिटाच्या पैशात आमचे दोन-तीन दिवसांचे वडापाव होतात. तेल कितव्यांदा तापलंय हे वासावरून कळतं, तरी खातो, कारण गरम असतं आणि पोटाला आधार होतो. "हेल्दी" काय ते सांगा, पण वीस रुपयांत सांगा.

खमंग_काकू
दादा, फुटाणे! वीस रुपयांत दोन-तीन दिवस पुरतील एवढे येतात. घरून कांदा-लिंबू न्या.

रातपाळी
फुटाणे खाऊन आठ तास उभं राहायचं, वर पाणी प्यायला मशीनवरून हलता येत नाही. पोटात काय होतं ते मशीनशेजारच्यांना विचारा. पण कांदा-लिंबाचं बघतो.

दरभंगा_रिटर्न
थोडं अवांतर. नोकरीमुळे तीन वर्षं मिथिलेत, म्हणजे उत्तर बिहारात होतो. पाकिटावरचं कमळ चुकीचं आहे. मखाणा कमळाचं बी नव्हे, ती वेगळी पाणवनस्पती, पानं नि देठ काटेरी. बी तळ्याच्या बुडाशी चिखलात पडतं. ते बुड्या मारून काढायचं, वाळवायचं, भाजायचं, आणि गरम असतानाच लाकडी थापीने ठोकायचं. मग टप्पकन पांढरी लाही उमलते. ठोकणाऱ्या बाईच्या बोटांना पडलेले घट्टे मी जवळून पाहिलेत. २०२२ मध्ये मिथिला मखाणाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. भाव जास्त आहे तो सगळाच फॅडचा नाही, त्यात ही मेहनतही आहे. तिथले लोक मखाण्याची खीर करतात, भाजी करतात. पेरी-पेरी मसाला आपल्याकडच्या मॉलमधला. तेव्हा काकू, भांडण पाकिटाशी करा, मखाण्याशी नको.

खमंग_काकू
हे माहीत नव्हतं. "निव्वळ फॅड" हे शब्द मागे. बाकी मत कायम.

मेलबर्नची_आई
दाण्यांचं कौतुक वाचून हसू आलं. लेकीच्या शाळेत दाणे न्यायचेच नाहीत, वर्गात दोघांना तीव्र अॅलर्जी आहे. दाण्याची चटणी, लाडू, चिक्की, दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, सगळं बाद. सुरुवातीला मीही तणतणले होते. मग एकदा शिक्षिकेने अॅलर्जीच्या इंजेक्शनचं पेन कसं टोचायचं ते पालकांना दाखवलं आणि माझी तणतण संपली. आता डब्यात फुटाणे नाहीतर मखाणे. म्हणून सरसकट "आमच्या आजीचं तेच बरोबर" म्हणू नका.

चिवडेवाली
सगळे टोकाचं बोलताय. पातळ पोहे उन्हात तापवून मंद आचेवर कुरकुरीत भाजा. अर्धा किलोला चार चमचे तेलाची फोडणी, कढीपत्ता, मिरची, मूठभर दाणे, मूठभर डाळं. वर मखाणे टाका हवे तर. हा चिवडा पंधरा दिवस टिकतो. दाणे निवडून घाला मात्र, खवट किंवा बुरशी आलेला एकही नको, तो फेकायचा.

शुगरवाले_काका
+१. पण पोहे म्हणजे तांदूळच की हो! मला वाटीभरच मिळणार.

चिवडेवाली
वाटीभरच द्यायचा असतो, काका. डबा घेऊन टीव्हीसमोर बसायचं नाही.

खमंग_काकू
आज साडेचारला ड्रॉवर उघडला तर शेजारणीने माझ्या फुटाण्यांवर हात मारलेला, आणि तिचं पाकीट तसंच बंद. म्हणाली, "कांदा आणलायस का गं?"