रिक्षा आली की पोट दुखतंय

कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. पोरगं दुसरीत. शाळेची रिक्षा वाजली की पोट धरून बसतंय, रविवारी मात्र रंकाळ्यावर भेळ हाणतंय. परवा ओरडलो, तर चड्डीतच शू झाली. लै वाईट वाटलं. नाटक म्हणायचं का हे?

— नाटक नव्हं ओ, भीतीनं पोट खरंच दुखतंय. माझी लेक ‘का जात नाहीस?’ विचारलं की गप्प. एकदा भाकरी थापता थापता सहज विचारलं, ‘रिक्षात शेजारी कोण बसतंय?’ मग कळलं, मोठी पोरं दप्तर ओढायची.

— आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पण शाळा बुडवू नका, घरी ठेवलं की भीती वाढते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर मोफत आहे, मराठीत बोलतात.

— रिक्षावाल्या मामांना उद्याच गाठतो. रात्री त्याला सॉरी म्हटलं, तर म्हणतंय, ‘पप्पा, तुमचं पण पोट दुखतंय?’