शब्दचर्चा: 'अंशतः अंध', 'अल्पदृष्टी' की 'थोडं कमी दिसतं'?

सातपूरकर: नाशिकच्या सीबीएस, निमाणी बसस्थानकांवर दाखवता येईल असं खिशातलं कार्ड करायचं आहे. हातात पांढरी काठी, पण मोबाइल डोळ्यांजवळ धरून वाचता येतो, अशा प्रवाशांसाठी. शब्द कोणता घ्यावा?

गंगापूररोड: 'थोडं कमी दिसतं' नको. ऐकणाऱ्याला वाटतं, चष्म्याचा नंबर असेल. नुसतं 'अंध' लिहिलं तर मोबाइल वाचताना दिसल्याबरोबर 'नाटकं करतोय' ऐकावं लागतं. वास्तविक 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्वाची एक रेघ अशी आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर 3/60पेक्षा कमी. 3/60 म्हणजे इतरांना 60 मीटरवरून दिसतं ते 3 मीटरवरून दिसणं. तेव्हा कायद्याने अंध असलेल्यालाही नाकाशी धरलेला फोन वाचता येऊ शकतो.
'अल्पदृष्टी' अचूक आहे, पण तो फॉर्मवरचा शब्द. गर्दीत दोनदा सांगावा लागतो. मी असं लिहीन: 'बसची पाटी वाचता येत नाही, कुठली बस ते सांगा. मी अंशतः अंध आहे, चष्म्याने फरक पडत नाही.' मागणी आधी, कारण मागून. उलट क्रम ठेवला तर कारण वाचून होईतो बस सुटते.

पंचवटी_२: सरळ 'दिव्यांग' का नको?

गंगापूररोड: अर्जाला, पासाला तोच वापरा. डिसेंबर 2015मध्ये पंतप्रधानांनी सुचवला, आता राज्याच्या खात्याच्या नावातही आहे. पण कायद्यातले 21 प्रकार त्या एका शब्दात बसतात; कंडक्टरने पाटी वाचून दाखवायची की पायरीवर हात द्यायचा, हे त्यातून कळत नाही. आणि अंगात 'दिव्य' ते काय, हा आक्षेप कित्येक अपंग व्यक्तींचाच आहे.

मेनरोड: कानांचंही घ्या. 'बधिर' म्हणजेच ऐकू न येणारा, मग 'कर्णबधिर'मध्ये 'कर्ण' कशाला? कारण मराठीत दातांचे डॉक्टर हिरडीसुद्धा बधिर करतात. 'मूकबधिर' मात्र सोडाच. बहुतेकांचा आवाज शाबूत असतो, आणि खुणांची भाषा ही भाषाच आहे. 'कमी ऐकू येतं' म्हटलं की लोक ओरडतात. ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात, श्रवणयंत्रातला आवाजही फाटतो. त्यापेक्षा: 'माझ्याकडे तोंड करून सावकाश बोला, आकडे लिहून द्या.' पाट, भाट, माठ हे तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात, संदर्भावरूनच ओळखायचे.

सातपूरकर: कार्डाच्या मागे 'रस्ता ओलांडायला हात द्या' चालेल?

गंगापूररोड: नको. 'हात देणे' म्हणजे मदत, पण लोक शब्दशः घेतात आणि काठीचाच हात धरून ओढतात. 'मी तुमचं कोपर धरतो, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चाला' असं लिहा. धरणारा कोण, ते क्रियापदातच आलं पाहिजे. बाई असेल तर 'धरते'. दोन वेगळी कार्डं छापा.