नाग नदीतली जलपर्णी गोसेखुर्दला पोचायच्या आत कशी अडवायची?

कुहीकाठ
नाग नदीतली इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, कन्हानमधून आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि पुढे गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्यात पसरते. नागपूर शहरात काठ महापालिकेचा, खाली ग्रामपंचायतींचा, जलाशय जलसंपदाचा, मासेमारी सहकारी संस्थांची, पलीकडे भंडारा जिल्हा. नवा पट्टा दिसला की खाती एकमेकांना पत्रं लिहून राहतात. अनुकूल हवेत एक-दोन आठवड्यांत ती दुप्पट होते. १५ दिवसांत यंत्र पाण्यात उतरवायचं तर घडी कशी बसवावी?

टिपणीबहाद्दर
जिल्हे दोन आहेत, म्हणून एका जिल्हाधिकाऱ्याचा आदेश आंभोऱ्यालाच संपतो. दोघांना एका टेबलावर आणणारं कार्यालय विभागीय आयुक्तांचं. आदेश तिथून काढून घ्या. नोडल (समन्वय पाहणारा) अधिकारी पदनामाने नेमा, नावाने नको. बदली झाली की नावाचा आदेश कागद उरतो. पहिला खर्च कोणत्या लेखाशीर्षातून, तेही त्यातच लिहून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य: शेजारच्या हद्दीत काम करायला वेगळं ना-हरकत पत्र लागणार नाही. ते नसलं की पोकलेन शिवेवर उभं आणि भाडं चालू.

यंत्रांच्या भाड्याचे दरकरार जानेवारीतच करून ठेवा. पट्टा दिसल्यावर निविदा काढली तर कार्यादेश हाती येईतो पाऊस लागतो. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चं कलम ५० काही जण सुचवतील, पण ती मुभा बचाव-मदतीच्या खरेदीची आहे. त्यावर भिस्त नको.

गाळमाप
काम वरून खाली. खालचा जलाशय आधी साफ केला तर वरून येणारे तुकडे तो पुन्हा भरतात.

नदीत २०० लिटरचे प्लास्टिक ड्रम दोराला बांधून तरंगता अडसर टाका. प्रवाहाला काटकोनात नको, ३०-४५ अंश तिरपा, म्हणजे थर आपोआप काठाला लागतो आणि पोकलेन तिथूनच उचलतं. पुलाच्या वरच्या अंगाला पुरेसं अंतर सोडा. पूर आला की एक टोक काठावरूनच मोकळं करता आलं पाहिजे, नाहीतर दोर तुटून सगळं पुलाच्या खांबांना तटतं.

दाट थर हेक्टरी ३०० टनांच्या घरात भरू शकतो, म्हणजे १० टनी टिप्परच्या ३० खेपा. त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच, म्हणून काठावर सुकवून मगच वाहा. ढीग मात्र पूररेषेच्या वर. खाली ठेवला तर पहिल्या पुरात परत पाण्यात. खत करायचं तर आधी जड धातू तपासा, हे शहराच्या सांडपाण्यावर वाढलेलं आहे.

कुहीकाठ
तणनाशकाची फवारणी किंवा जलपर्णी खाणारे भुंगे? आणि ठेकेदाराचं बिल कसं मोजायचं?

गाळमाप
ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर ऑक्टोबर २०२२ पासून फक्त परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता आहे. शिवाय एकदम मेलेला थर कुजून पाण्यातला प्राणवायू खातो, मासे मरतात. निओकेटिना भुंगे भारतात १९८० च्या दशकापासून आहेत. परिणामाला वर्षं लागतात, तातडीच्या कामात ते बसत नाहीत.

टिपणीबहाद्दर
बिल टनावर ठेवलंत तर पाण्याचेच पैसे द्याल, वर थोडी जलपर्णी बियाण्याला सोडण्याचा मोहही. मोजा हेक्टरवर, जीपीएस हद्द आणि आधी-नंतरच्या फोटोसह. पाव रक्कम ६० दिवस रोखा. बी गाळात १५ वर्षांहून जास्त तग धरतं, म्हणून दर पंधरवड्याला डोंग्यातून हाताने कोवळी रोपं काढायचं काम मासेमारी संस्थेला वेगळ्या रोजंदारीवर द्या, ठेक्यात घालू नका.