रि: रि: गड्ड्याची फाईल दारूकामाला येऊन अडकते

प्रेषक: सोलापूर (जुळे सोलापूर)

गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, चित्रीकरणाची तिसरी फाईलही दारूकामालाच अडकली. मिरवणूक, अक्षता, होम, सगळं नीट दिसतं. होम मैदानावरचं दारूकाम सुरू झालं की चित्र थिजतं, आवाज पुढे पळतो आणि दहा-बारा सेकंदांत डबा (टीव्हीला जोडलेला मीडिया प्लेअर) आपोआप मेनूवर येतो. पेन ड्राइव्ह, केबल, टीव्ही तिन्ही बदलून झाले. संगणकावर हीच फाईल सुरळीत चालते. दाखवायला हॉल शनिवारचा घेतलाय आणि ज्येष्ठांना सांगून झालंय. काय करायचं ते आजच कळवा.

प्रेषक: खजिनदार

नवा डबा यंदा जमणार नाही, हे आधीच सांगतो. पेन ड्राइव्ह फॅट३२ऐवजी एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून बघा, एका फाईलला ४ जीबीच्या मर्यादेची भानगड तरी मिटेल.

प्रेषक: तांत्रिक समिती

काका, एक्सफॅट नको. त्या डब्याला तो पेन ड्राइव्ह दिसणारच नाही, फॅट३२च राहू द्या. आणि दोष पेन ड्राइव्हचा नाही, फाईलचा आहे. हँडब्रेकमध्ये (फाईल बदलायचा प्रोग्राम) आरएफ, म्हणजे दर्जाचा आकडा, १८ लावलंय. म्हणजे दर्जा कायम आणि त्यासाठी लागतील तेवढे बिट खर्च. मिरवणुकीत मागच्या भिंती, मंडप जागच्या जागी असतात, मागच्या फ्रेममधलं बरंच पुढे वापरता येतं. दारूकामात काळ्या आकाशात दर फ्रेमला ठिणग्या नव्या जागी, त्यावर धूर. मागचं काहीच कामी येत नाही आणि बिटरेट (सेकंदाला लागणारे बिट) एकदम उसळतो. फाईलची माहिती देणारं मीडियाइन्फो सरासरी दाखवतं, त्यात ही उसळी लपते. संगणक ती निभावून नेतो, डब्यातल्या चिपचा बफर ठरलेला असतो.

म्हणून कमाल दराला लगाम घालायचा. आरएफ २१, प्रोफाइल हाय, लेव्हल ४.१, एन्कोडर एच.२६४ साधा, १० बिटचा नव्हे. खाली जादा पर्यायांच्या चौकटीत व्हीबीव्ही मॅक्सरेट १२००० आणि व्हीबीव्ही बफसाइझ १२०००. सगळी फाईल करत बसू नका. दारूकामाची दोनच मिनिटं काढा आणि आधी तेवढीच डब्यावर लावून बघा.

प्रेषक: चित्रीकरण विभाग

एकदा बदललेली फाईल पुन्हा बदलू नका. कॅमेऱ्याच्या मूळ एमटीएस फाईली आमच्याकडे आहेत आणि त्या आमच्याकडूनच जातील, परस्पर कुणी उचलू नयेत. कॅमेऱ्याने सलग चित्रीकरण ४ जीबीला तोडून ००००३, ००००४, ००००५ असं ठेवलंय. तुम्ही तुकडे आधी बदलले आणि मग जोडले, म्हणून अक्षतांच्या वेळी प्रत्येक सांध्यावर आवाज तुटतो. आधी बायनरी कॉपीने (काही न बदलता जसेच्या तसे) त्याच क्रमाने जोडायचे, मग बदलायचे.

दुसरं, मूळ १०८०आय ५० आहे, म्हणजे सेकंदाला ५० फील्ड, प्रत्येकात एकाआड एक ओळी, आणि त्या ओळी जुळवून पूर्ण फ्रेम करणं (डीइंटरलेस) केलेलंच नाही. नंदीध्वज आडवा सरकतो तेव्हा त्या उंच काठीच्या दोन्ही कडांना कंगव्यासारखे दाते येतात. बाराबंदीच्या पांढऱ्या बाह्यांवरही तेच. फाईल बदलताना हे दाते चित्रातच छापले गेलेत, आता ते धड निघायचे नाहीत.

प्रेषक: तांत्रिक समिती

ताई, बरोबर आहे. यॅडिफ (डीइंटरलेसचा फिल्टर) लावून १०८०पी २५ करू, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम. फ्रेमरेट मूळ तेवढाच आणि कॉन्स्टंट. मागच्या वेळी सवयीने ३० ठेवला होता. २५ चे ३० करताना दर पाच फ्रेमनंतर एक दोनदा येते आणि काठी हिसके खात पुढे जाते.

प्रेषक: चित्रीकरण विभाग

२५ सुद्धा नको. ५० फील्डमधली निम्मी हालचाल का टाकून द्यायची? बॉब करून, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम करून, ५० फ्रेम ठेवा.

प्रेषक: तांत्रिक समिती

१०८०पी ५० लेव्हल ४.१ मध्ये बसत नाही. तिथे मर्यादा सेकंदाला २,४५,७६० मॅक्रोब्लॉकची (चित्राचे १६×१६ ठिपक्यांचे चौकोन). १०८०पीची एक फ्रेम ८,१६० ची, ५० फ्रेमचे झाले ४,०८,०००. ७२०पीची फ्रेम ३,६०० ची, ५० चे १,८०,०००. ७२०पी ५० चालेल. बारकावा जरा कमी होईल, पण काठीचं डोलणं अखंड दिसेल आणि मिरवणुकीत पाहायचं ते तेच असतं. अक्षता १०८०पी २५ ठेवू, तिथे कॅमेरा स्थिर आहे.

प्रेषक: वाचनकट्टा

वचनांच्या अर्थाचं कुणी बोलतच नाही. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नड, खाली मराठी अर्थ हवाच. एसआरटी (उपशीर्षकांची फाईल) वेगळी दिली तर डबा अक्षरं जोडत नाही: ‘सिद्धेश्वर’मध्ये पहिली वेलांटी ‘स’च्या पलीकडे जाऊन बसते आणि ‘द्ध’ फुटून द् ध होतो. बर्न इन करा, म्हणजे अर्थ चित्रातच छापा. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगूभाषक मंडळी येणार, त्यांच्यासाठी तेलुगूही द्या.

प्रेषक: तांत्रिक समिती

मराठी बर्न इन करतो. तेलुगूसाठी अख्खी दुसरी फाईल करावी लागेल, मजकूर गुरुवारपर्यंत आला तर करू. फाईली चार ठेवतोय: मिरवणूक, अक्षता, होम, दारूकाम. सरासरी ८ एमबीपीएसला ४ जीबी म्हणजे जेमतेम ७० मिनिटं, सगळं एकात मावत नाही.

प्रेषक: सोलापूर (जुळे सोलापूर)

दोन मिनिटांचा तुकडा लावला. दारूकाम न अडकता शेवटपर्यंत गेलं, ठिणग्याही फुटल्यासारख्या दिसत नाहीत. पण आवाज नाही! शिवाय यादीत प्रत्येक नाव दोनदा येतं, एक चालतं आणि एक ‘फाईल खराब’ म्हणतं.

प्रेषक: तांत्रिक समिती

आवाज पासथ्रू राहिला, त्यामुळे कॅमेऱ्याचा एसी३ (डॉल्बी) आवाज तसाच गेला. डबा तो न उलगडता टीव्हीकडे पाठवतोय आणि टीव्हीला तो कळत नाही. डब्याच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘रॉ’ असेल ते ‘पीसीएम’ करा, आत्ता लगेच आवाज येईल. शेवटच्या फाईलींत मी आवाज एएसी स्टीरिओ १६० मध्ये देतो, मग सेटिंग कुणी फिरवलं तरी अडचण नाही. दुसरी नावं मॅकने टाकलेल्या लपलेल्या फाईलींची आहेत, टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या. विंडोजवर लपलेल्या फाईली दाखवा आणि तेवढ्याच पुसा. नावं रोमनमध्ये ०१ ते ०४ अशी द्या आणि पेन ड्राइव्हवर त्याच क्रमाने एकेक करून टाका. डबा नावावरून लावत नाही, टाकलेल्या क्रमाने लावतो.