‘तराळ’ला आज दुसरा शब्द आहे का?

सांगलीत आम्ही काही जण रविवारी जमून एकेक आत्मचरित्र मोठ्यानं वाचतो. सध्या शंकरराव खरातांचं ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) चालू आहे. खरात आपल्या आटपाडीचे, त्यामुळे बोली ओळखीची. तरी परवा विहिरीच्या प्रसंगाशी गाडी अडली. विहिरीत प्रेत तरंगतंय. लेखकाचे वडील गावचे तराळ, म्हणजे गावकीची कामं वाट्याला आलेले महार, त्यामुळे त्याची राखण त्यांच्यावर आहे. पोलीस येतात आणि त्यांनाच खाली उतरायला फर्मावतात. आत साप आहे, आणि काठावर पोरगा उभा आहे. कॉलेजातल्या एका मुलीनं विचारलं, ‘‘ते नाही का म्हणाले नाहीत? तराळ म्हणजे काय, शिपाईच ना?’’ कुणी चौकीदार सुचवलं, कुणी कोतवाल. मला एकही पटत नाही. तुमचं मत?

विट्याहून: आमच्याकडं जुनी माणसं येसकर म्हणायची. वेस राखणारा तो वेसकर, बोलीत येसकर. तराळ आणि येसकर एकच का?

मिरजेहून: मूळ कामं वेगळी असावीत, पण निरोप पोचवणं, सांगावा नेणं, अंमलदाराचं सामान वाहणं, राखण हे सगळं फिरून महारवाड्यावरच यायचं. मला वाटतं कोतवाल चालेल. तलाठ्याच्या हाताखाली तो हीच कामं करतो की.

सांगलीहून (मूळ प्रश्नकर्ता): सर, नाही चालणार. कोतवालाची नेमणूक होते, ती कुठल्याही जातीच्या माणसाची होऊ शकते, आणि नको असेल तर तो सोडून जाऊ शकतो. तराळकी जन्मानं यायची. महारवाड्यातली घरं ती पाळीपाळीनं करायची, बदल्यात बलुतं आणि वतनाची जमीन. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनावर बिल मांडलं ते याच जाचासाठी. ‘शिपाई’ म्हटलं की हे सगळं पुसलं जातं, आणि मग त्या मुलीसारखाच प्रश्न पडतो.

आटपाडीहून: ताई, आमच्या घरात तराळकी होती. आजी सांगायची, आजोबांना गावात नावानं कुणी हाक मारत नसे, ‘ए तराळा’ एवढंच. रात्री-अपरात्री दारातनं हाक आली की ताटावरनं उठायचं. शब्द बदलू नका. वाचताना आहे तसा वाचा आणि थांबून समजावून सांगा.

कडेगावहून: ‘अंतराळ’ हा तराळचा उलटा शब्द का हो?

सांगलीहून (मूळ प्रश्नकर्ता): दादा, तुमच्या सल्ल्याप्रमाणंच करतो. कडेगावकरांना: नाही, अंतराळ संस्कृत ‘अंतराल’वरून आला, म्हणजे मधली जागा, पोकळी. पण खरातांनी जोडी अचूक जुळवलीय. तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू झाला, म्हणून काहींना यात आभाळाची उंची दिसते. मला अधांतरी असणंही ऐकू येतं: गावानं जवळ केलं नाही आणि शहरात पूर्ण रुजता आलं नाही. आमच्यात यावर चांगलंच जुंपलं. मी दोन्ही अर्थ धरून ठेवणार, कारण मधल्या छोट्या रेघेवर वाचताना आवाज आपोआप थांबतो आणि दोन्हींना जागा मिळते.

पुढच्या रविवारी वतनाच्या जमिनीवर बोलायचं आहे. ‘हाडकी-हाडवळा’ हा महार वतनाच्या जमिनीचा जुना शब्द तुमच्या गावच्या सातबाऱ्यावर किंवा शेताच्या नावात अजून कुठं टिकून आहे का? असेल तर गावाचं नाव आणि तिथला उच्चार जरूर लिहा.