नायट्रोजन-१५ ची खूण : कोळ्याने तुडतुडे खाल्ले हे कसं ओळखायचं?

पऱ्हाटीवाला, नागपूर
कुंडीतल्या कपाशीला नायट्रोजन-१५ चा (नायट्रोजनचं जड रूप) युरिया देऊन त्यावर तुडतुडे वाढवायचे, ते जाळीच्या पिंजऱ्यात सोडायचे आणि नंतर कोळ्यांत खूण शोधायची, असा बेत आहे. युरिया फवारू की मातीत देऊ? कोळी अख्खा वाळवला तर चालतं का?

आठपायी
फवारू नका भाऊ. पानावर सुकलेला युरिया किड्यांच्या अंगाला लागतो, कोळी पानावरचं दव पितो, आणि काही न खाताच खूण दिसते. मातीतून द्या. निसर्गात नायट्रोजन-१५ जेमतेम ०.३७ टक्के असतो, म्हणून १० अॅटम टक्क्यांचा (नायट्रोजनच्या शंभरातले १० अणू या जड रूपाचे) युरियाही पुरतो. ९९ वाला घेणं म्हणजे पैसे पाण्यात.

तुडतुड्याची मादी पानाच्या शिरेत अंडी घालते. खुणेच्या झाडावरच निघालेली, तिरपी पळणारी पिल्लं घ्या. बाहेरून आणून चार दिवस ठेवलेल्या प्रौढांत खूण कमीजास्त बसते.

कोळी अख्खा नको. नुकतं खाल्लं का, एवढंच पाहायचं तर उदर घ्या. बऱ्याच दिवसांच्या आहाराचा अंदाज हवा तर पाय घ्या, कारण उदरातलं अर्धवट पचलेलं भक्ष्य आकडा फुगवतं.

सूक्ष्मतराजू
अल्कोहोलमध्ये ठेवू नका, कार्बनचे आकडे हलतात. गोठवून मारा, ६० अंशांवर ४८ तास वाळवा, ०.५ ते १ मिलिग्रॅम टिनच्या पुडीत भरा. एका तुडतुड्यात एवढं वजन भरत नाही, अनेक एकत्र करावे लागतात. बिनखुणेचे नमुने आधी दळा, खुणेचे नंतर, आणि चिमटा-खल वेगळे ठेवा. प्रयोगशाळेला आधीच सांगा, नाहीतर नायट्रोजन-१५ मोजणाऱ्या यंत्रात उरलेली खूण पुढच्याच्या नमुन्यात उतरते.

खूण लागली कधी म्हणायचं? खूण न लावलेल्या पिंजऱ्यातल्या कोळ्यांची सरासरी अधिक तीन प्रमाण विचलनं (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप), त्याच्या वर असेल तरच.

आठपायी
एक राहिलंच. पिंजऱ्यात क्रायसोपा (किडी खाणारा मित्रकीटक) असेल तर त्याने तुडतुडे खाल्ले आणि कोळ्याने त्याला खाल्लं, तरी खूण येते. मोठ्या डोळ्यांचे जिओकोरिस ढेकूण तर झाडाचा रसही पितात, त्यांचा निकाल यातून मानू नका. आणि खुणेवरून किती तुडतुडे खाल्ले ते कळत नाही. त्यासाठी पिंजऱ्यात मोजूनच सोडावे लागतात.

ज्वारीकाठ
प्रश्न फक्त ज्वारीच्या ओळीतून कोळी कपाशीत येतात का, एवढाच असेल तर युरियाचा खर्चच नको. कपाशीचा डेल्टा कार्बन-१३ (कार्बनच्या जड रूपाचं प्रमाण दाखवणारा आकडा) उणे २७ च्या आसपास, ज्वारीचा उणे १२ च्या. ज्वारीवरचा मावा खाणारा कोळी कपाशीवर सापडला तरी आकड्यात उघडा पडतो.